आडवं पान

कतारमध्ये मी बावीस वर्षं कागदांना नंबर देत आले. माझ्या हुद्द्याला डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणतात. नाशिकला सासूबाईंना हे काम समजावून सांगण्यात पहिली दोन वर्षं गेली, मग त्यांनीच शेजारणींना ‘सून फायली सांभाळते’ असं सांगून विषय मिटवला. चुकीचं नव्हतं ते. कागद आला की त्याला नंबर द्यायचा, कितवी आवृत्ती आहे ते लिहायचं, आणि सुधारित कागद आला की जुन्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारून तो श्रेडरमध्ये घालायचा. एका गोष्टीचा एका वेळी एकच कागद खरा. हा नियम माझ्या इतका अंगात मुरला आहे की फ्रिजवर मागच्या आठवड्याची किराणा यादी राहिलेलीही मला चालत नाही. नवरा म्हणतो, मला अजून ठेवलंयस हेच नशीब.

मागच्या उन्हाळ्यात मॅनेजरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की सलुकींच्या राष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास पुस्तकरूपानं काढायचा आहे, आणि जुने निकाल जमवायचं काम माझं. आमची कंपनी या स्पर्धेचे तंबू, फलक, वेळेची यंत्रं असलं सगळं पुरवते. सलुकी म्हणजे अरबी ग्रेहाउंड. बरगड्या मोजता येतील इतका बारीक कुत्रा, कानांवर लांब केस, आणि चेहरा असा की जणू आपणच त्याच्या घरी न सांगता आलोय. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती माझ्याकडे उरलेली नव्हती. दोह्यातल्या अल सद्दच्या घरी येऊन मुलीला सांगितलं की आई आता कुत्र्यांच्या शर्यतीचा इतिहास लिहिणार. मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, ‘आई, दॅट्स सो रँडम.’

इतिहास म्हणावा असं हाताशी फारसं नव्हतं. आधी ही शर्यत नव्हतीच, शिकार होती. वाळवंटात माणसं सशामागे, हरणामागे सलुकी सोडायची आणि कोणाचा सरस ठरला ते रात्रभर बोलायची. मग कधीतरी कोणीतरी सरळ रेषा आखली, दोन टोकांना झेंडे रोवले, आणि बोलण्याऐवजी लिहायला लागलं. सुरुवातीचे निकाल हातानं लिहिलेले, त्यात फक्त मालकांची नावं. नंतर खऱ्या हरणाच्या जागी गाडीमागे ओढलं जाणारं खोटं हरीण आलं, नर-मादी वेगळे पळायला लागले, कुत्र्यांच्या कातडीखाली चिप बसल्या, शेवटच्या रेषेवर कॅमेरा आला. मी एकेक कागद स्कॅन करत होते, नंबर देत होते आणि मनात म्हणत होते की यातलं एकही कुत्रं मला ओळखत नाही, आणि मीही त्यांना नाही.

हंगाम सुरू झाल्यावर मला मैदानावरच्या तंबूत बसवलं, जुन्या मालकांकडून फोटो गोळा करायला. तिथे एका सकाळी मी आईशी फोनवर बोलत होते, नेहमीचंच, गोळ्या घेतल्या का, बाई आली का. फोन ठेवला तर समोर एक म्हातारे गृहस्थ उभे. मळकट निळा शर्ट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, आणि हातांची दहाही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत नारिंगी. लग्नघरातून उठून आल्यासारखी ती बोटं आधी दिसली, माणूस नंतर. ‘बाय, तुमी आपल्याकडच्या काय?’ त्यांनी विचारलं.

ते रायगडचे, म्हसळ्याच्या बाजूचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायला लागले. एका मालकाच्या इझब्यावर, म्हणजे वाळवंटातल्या शेतघरावर, ते कित्येक वर्षं सलुकी सांभाळत होते. उजाडायच्या आत त्यांना फिरवून आणायचं, खजूर नि उंटिणीचं दूध द्यायचं, आणि शर्यतीआधी आठवडाभर पंजांना मेंदी लावायची. मेंदीनं तळवे कडक होतात, खडी टोचत नाही, आणि मालकांना ती शोभेचीही वाटते. कुत्र्याला मेंदी हे ऐकून मी हसले तर चाचांनी मला गंभीरपणे दटावलं. कुत्रा म्हणायचं नाही, सलुकी म्हणायचं. इथली माणसं सलुकीला कुत्र्यांत धरत नाहीत, तो त्यांच्या तंबूत, त्यांच्या सतरंजीवर झोपतो.

मग रोज सकाळी चहाचा कागदी कप घेऊन ते माझ्या टेबलाजवळ यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मुद्दा काढला. खूप वर्षांपूर्वी माद्यांच्या शर्यतीत एक भुरी सलुकी पहिली आली होती. ती त्यांनी पिल्लापासून वाढवलेली आणि त्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर हातानं सोडलेलीही त्यांनीच. पुस्तकात मालकाचं नाव येईल ते योग्यच, पण सोडणाऱ्या माणसाचंही यावं.

‘मना दुसरा काय नको, बाय,’ ते म्हणाले. ‘येक लाईन पायजे.’

का पाहिजे तेही त्यांनी सांगितलं, बरंच अडखळत. त्यांचे वडील गावच्या मशिदीत बांग देत. घरात कुत्रा नुसता अंगाला घासून गेला तरी कपडे धुवायची रीत. अशा घरचा मुलगा कतारला जाऊन कुत्री वाढवतो हे सांगायचं कसं? म्हणून त्यांनी घरी कळवलं की बंदरावर कामाला आहे. बायको मरेपर्यंत हेच सांगत राहिले. हमद पोर्ट सुरू झालं तेव्हा तर त्यांनी स्वतःची जुन्या बंदरावरून तिकडे बदलीही करून घेतली आणि बायकोला नवं बंदर किती मोठं आहे त्याचं वर्णन फोनवर ऐकवलं. ते बंदर त्यांनी आजतागायत पाहिलेलं नाही. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. हा हंगाम संपला की ते कायमचे गावी जाणार होते आणि एकुलत्या मुलीला खरं सांगणार होते. पण नुसत्या तोंडानं नाही.

‘तोंडानं सांगितला तर कुत्रेवाला बोलतील. छापलेला दाखवला तर बोलतील, याचं नाव त्या देशाच्या इतिहासात हाय.’

मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. आयुष्यभर खोटं बोलायचं आणि शेवटी पावती माझ्याकडे मागायची. मी माझ्या ऑफिसातल्या आवाजात सांगितलं की कागद असेल तर नाव घेता येईल, कागद नसेल तर नाही. चाचा लगेच म्हणाले, कागद होता. त्या वर्षी पहिल्यांदाच सोडणाऱ्यांची नावं लिहून घेतली होती, तंबूच्या तोंडाशी एक माणूस वही घेऊन उभा होता, त्यानं दोनदा विचारून स्पेलिंग घेतलं होतं. मी म्हटलं, शोधते.

त्याच आठवड्यात मी त्यांना काम करताना पाहिलं. पहाटेची थंडी, क्षितिजाला जेमतेम उजेड. फाटकामागे माणसं गुडघ्यावर बसलेली, प्रत्येकानं दोन्ही हातांनी एकेक सलुकी धरलेला. खोटं हरीण गाडीमागून उसळत निघालं, फाटक उघडलं, आणि माणसांनी हात सोडले. पुढच्या क्षणी तिथे नुसती धूळ होती. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंनी मालकांच्या मोठाल्या गाड्या हॉर्न वाजवत, खिडकीतून ओरडत कुत्र्यांच्या बरोबरीनं धावल्या. सोडणारी माणसं मात्र होती तिथेच, वाळूत गुडघे टेकून, रिकाम्या हातांनी बसलेली. शेवटची रेषा दोनेक किलोमीटर लांब. तिथे पकडायला दुसरी माणसं असतात. चाचांनी मला सांगितलं की ती भुरी जिंकली तेव्हाही त्यांनी पाहिलं नाही. लांबून हॉर्न बराच वेळ थांबेनात, आणि त्यांच्या मालकाची गाडी परत येताना दिवे लावून आली, त्यावरून कळलं.

मी शोधलं, आणि जे सापडलं त्याची आजही लाज वाटते.

त्या वर्षीच्या निकालाचा कागद फायलीत होता, पण तो सुधारित आवृत्तीचा. क्रमांक, सलुकी, मालक, चिप, वेळ. एवढेच रकाने. सोडणाऱ्याचा रकाना नाही. मग मी कागदांच्या येण्याजाण्याची जुनी नोंद उघडली. तिथे मूळ आवृत्ती नोंदलेली होती आणि तिच्या वर्णनात स्पष्ट होतं, ‘मालक व हाताळणाऱ्यांच्या नावांसह’. पुढे शेरा होता, ‘रद्द. नष्ट केली.’ नष्ट करणाऱ्याची सही माझी. ते माझं या कंपनीतलं पहिलं वर्ष होतं. बदलाचं कारण मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं. निकाल सूचनाफलकावर उभ्या पानावर लावायचा होता, अरबी आणि इंग्रजी दोन्ही नावं घातल्यावर शेवटचा रकाना पानात मावत नव्हता, म्हणून काढला.

कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. कोणी हरकतही घेतली नाही. तोच नमुना पुढच्या वर्षी वापरला गेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, आणि या स्पर्धेच्या निकालांतून माणसांचा रकाना कायमचा गेला. मी बराच वेळ तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. आठवण्यासारखं त्यात होतं तरी काय? पान उभं होतं, रकाना मावला नाही, मी काढला आणि बहुधा जेवायला गेले.

एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी होती. पुढच्या वर्षापासून जनावरांचे डॉक्टर फाटकावर चिप तपासायला लागले आणि त्यांच्या फॉर्मवर सोडणाऱ्याची सही असायची. ते सगळे फॉर्म मिळाले. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक वर्षीच्या विजेत्याला कोणी सोडलं ते कागदावरून सिद्ध होत होतं. चाचांच्या वर्षाआधी तर सोडणाऱ्या कोणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं. उरलं ते मधलं एकच वर्ष, सोडणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते, आणि तेच मी श्रेडरमध्ये घातलं होतं. भुरीच्या मालकाकडे विचारावं तर ते वारलेले. त्यांच्या मुलांनी फोनवर अगदी आदबीनं सांगितलं की वडिलांच्या सलुकी त्यांनी केव्हाच देऊन टाकल्या, त्या वेळचं त्यांना काही माहीत नाही.

चाचांना सांगणं भाग होतं. सकाळी ते चहा घेऊन आले तेव्हा मी सगळं सरळ सांगितलं, सहीसकट. वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही काही बोलता आलं असतं. त्यांनी कपातला चहा संपवला.

‘पान ल्हान व्हता ना, बाय,’ ते म्हणाले. ‘मग तुमी तरी काय करणार.’

या माणसानं मला इतक्या सहज सोडून द्यावं याचा मला भयंकर राग आला. पान लहान नव्हतं. पान आडवं करता आलं असतं. बावीस वर्षांत मी हजारो पानं पाहिली आणि ते एक पान आडवं करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांना हे सांगितलं नाही. ते उठून गेले, त्यांना सलुकींना पाणी दाखवायचं होतं.

त्या संध्याकाळी घरी मी नुसती बसून होते. मुलीनं विचारलं, ‘आर यू ओके?’ मी म्हटलं, दमलेय. ते खरंच होतं. पण नुसत्या कामानं आलेला तो थकवा नव्हता. आपण इतकी वर्षं जे नीटनेटकं केलं त्याच्या खाली काय काय दडपलं गेलं असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला की माणूस बसल्या जागी दमतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरबाईंकडे गेले. म्हटलं, पुस्तकातल्या तक्त्यात सोडणाऱ्यांचा रकाना हवा, फॉर्म माझ्याकडे आहेत. बाईंना कल्पना आवडली. त्या म्हणाल्या, छान आहे, ह्यूमन स्टोरी होते. मग चाचांच्या वर्षाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथे रेघ मार, कागद नाही ना. नियम माझाच होता, त्यांनी तो मला परत केला.

मी टेबलाशी येऊन बसले आणि बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. स्वतः एक कागद लिहिला. आजवर इतरांच्या कागदांना नंबर दिले, माझं स्वतःचं विधान असं कधीच नव्हतं. पहिल्यांदा हात सैल सुटला आणि लिहून बसले की मूळ निकालात हे नाव मी वाचलेलं आहे. मग खोडलं. मला ते नाव आठवत नव्हतं. न पाहिलेल्या बंदराच्या गोष्टी सांगून तो माणूस इतका थकला होता, त्याची एक ओळ मी आणखी एका खोट्यावर उभी करणार नव्हते. शेवटी लिहिलं ते असं. मूळ निकालात असा रकाना होता. पानात मावला नाही म्हणून तो मी काढला. मूळ कागद मी नष्ट केला. त्या दिवशी भुऱ्या सलुकीला सोडणारा आपणच, असं हे गृहस्थ सांगतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. खाली सही केली. कागदाला नंबर दिला. आवृत्तीच्या जागी शून्य लिहिलं, म्हणजे मूळ कागद.

मॅनेजरबाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं की ‘माझा विश्वास आहे’ हा पुरावा कधीपासून झाला. मी म्हटलं, नष्ट केल्याची सही तुम्ही पुरावा म्हणून धरता ना, ती माझीच आहे, मग ही पण धरा. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरचं टायपिंग थांबलं. बाई कागद ट्रेमध्ये टाकत म्हणाल्या, ‘खलास, विषय संपला. घाल.’

पुस्तकाची मांडणी करणारा मुलगा मात्र अडून बसला. दोन भाषा, सहा रकाने, पानात मावत नाही, शेवटचा काढू का? मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. मी त्याला सांगितलं, पान आडवं कर. तो म्हणाला, मॅडम, वाचणाऱ्याला पुस्तक फिरवून धरावं लागेल. म्हटलं, धरू दे.

पुस्तक छापून आलं तेव्हा चाचांच्या विमानाला चार दिवस उरले होते. इझबा सोडून ते अल वक्राला गाववाल्यांच्या खोलीत राहायला आले होते. शुक्रवारी दुपारी मी मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले. ते बाहेर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. टॅक्सीनं आम्ही समुद्राकडे गेलो आणि जुन्या होड्या बांधलेल्या असतात तिथल्या बाकावर बसलो. पुस्तक जाडजूड, गुळगुळीत. मी पान काढून दिलं. त्यांनी पुस्तक आडवं धरलं. इंग्रजी त्यांना येत नाही, पण लहानपणी कुराण शिकलेले, अरबी अक्षरं वाचता येतात. उजवीकडून एकेका अक्षरावर बोट ठेवत ते त्या ओळीवर आले आणि स्वतःचं नाव त्यांनी हळू आवाजात, पोथी वाचावी तसं वाचलं. बोटांवरची मेंदी आता विटली होती.

मग त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. मी उठायला लागले, तर त्यांनी हातानं बसा म्हणून खुणावलं. त्यांना सोबत हवी होती. फोनवर तिशीतली एक बाई दिसली, डोक्यावर ओढणी, मागे स्वयंपाकघर. चाचांनी पुस्तकाचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं, उलटं, मग सुलटं. तिला काही कळेना. त्यांनी पुस्तक खाली घेतलं.

‘पोरी, मी बंदरावर कदीच नव्हतो,’ ते म्हणाले.

पलीकडे नळ वाहत होता. तिनं तो बंद केला.

‘ठावं हाय, अब्बा.’

चाचांनी फोन डोळ्यांजवळ आणला. मग तीच बोलली, सावकाश. ‘अम्मीला ठावं व्हता. बोलायची, बंदरावर मेंदी कोण लावतंय? तुमी सुट्टीला आलाव की तुमची बोटं बघायची. कपड्यांना केस असायचे, ते तीच धुवायची, मना हात लावू देत नव्हती. बोलायची, अब्बांना इचारू नको. त्यांना सांगायचा तवा सांगतील.’

‘कदीपासना?’ चाचांनी विचारलं.

‘पयल्या सुट्टीपासना.’

पुढे ती काय बोलली ते मी नीट ऐकलं नाही, पाण्याकडे बघत बसले. कोणता सलुकी, कसला, असं ती विचारत असावी, कारण चाचा तिला भुरीचा रंग सांगत होते. सांगता सांगता थांबले, नंतर बोलतो म्हणाले आणि फोन बंद करून शर्टाच्या खिशात ठेवला. एक होडी आत येत होती, तिचं इंजिन थांबलं.

‘मरेपर्यंत वाट बघत व्हती ती, बाय,’ चाचा म्हणाले. ‘इतकी वर्सं.’

पुस्तक त्यांच्या मांडीवर अजून आडवंच होतं.